एकाच नावाच्या दोन फायली

मी संशयी आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. दूधवाला दूध ओतायला लागला की मी मापाकडेही बघते आणि पातेल्याकडेही बघते. कंडक्टरने तिकीट दिलं की त्यावरचं गाव वाचते. घराला कुलूप लावून जिना उतरले की पुन्हा वर जाऊन ते ओढून बघते, आणि ओढताना शेजारीण बघत नाही ना, हेही बघून घेते. नवरा म्हणतो, "तुला देवाने प्रसाद दिला तरी तू तो आधी हुंगशील." हुंगेनच. देवाचा असला तरी तो कोणाच्या तरी हातून आलेला असतो.

शाळेच्या ऑफिसात हा स्वभाव कामाला येतो. भोरहून सकाळची एसटी धरायची, नसरापूरला उतरून वेल्ह्याकडे जाणारी गाडी पकडायची आणि डोंगराकडे तोंड करून असलेल्या एका माध्यमिक शाळेत दिवसभर लिपिक म्हणून बसायचं, हे मी कित्येक वर्षं करते आहे. माझ्या ताब्यात जनरल रजिस्टरं. मूल शाळेत आलं की त्याचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख त्यात चढते आणि त्या एका ओळीला माणूस जन्मभर बांधलेला राहतो. म्हणून ती ओळ बदलून घ्यायला लोक येतात. कोणाला भरतीसाठी वय कमी हवं असतं, कोणाला आडनावातली चूक आत्ताच खुपायला लागलेली असते. कोणी गोड बोलतं, कोणी आंबे आणतं, कोणी पुढाऱ्याला फोन जोडून मोबाईल माझ्या हातात देतं. एकाने तर "जरा बघू" म्हणून रजिस्टर ओढून घेतलं आणि खिशातलं पेनही उघडलं होतं. तेव्हापासून मी रजिस्टर कोणाच्या हातात देत नाही. मी धरते, त्यांनी समोरून बघायचं.

डोंगरावरच्या वाड्यांमधल्या छोट्या शाळा मुलं नाहीत म्हणून बंद झाल्या, तेव्हा त्यांचं दप्तरही ठेवायला जागा म्हणून आमच्या कपाटात आलं. त्यात धनगरवाड्यावरच्या शाळेचं सगळ्यात जुनं रजिस्टर होतं. ते वाळवीने इतकं खाल्लं होतं की पान उलटलं की मांडीवर भुगा पडायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "आहे तेवढं स्कॅन करून घ्या, उद्या हेही उरणार नाही." त्या कामाला आम्हाला संगणकाचे सर मिळाले. जवळच्या वरवे गावचे, तिशीतले, कंत्राटी. ते एकेक पान स्कॅन करायचे आणि मग प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद वेगळी कापून त्याच्या नावाने फाइल ठेवायचे. जुन्या रजिस्टरात एकाची नोंद समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली असे. डाव्या पानावर नाव, जात, जन्म. उजव्या पानावर शाळा सोडल्याचं कारण आणि सही. सर दोन्ही तुकडे एकाखाली एक जोडून एकच चित्र करायचे. काम नेटकं होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण नेटक्या कामाचाच मला जास्त संशय येतो.

आमच्या ऑफिसातल्या संगणकावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली आहे. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा, कारण भोरला सगळीकडे दुसरंच असतं. पण सरांनी मला त्यातली काळी खिडकी दाखवली आणि माझा जीव तिच्यावर जडला. तिच्यात चित्रं नाहीत, माऊस फिरवणं नाही. आपण शब्द लिहायचे आणि तिने तेवढंच करायचं.

"मॅडम, हा गडी फार आज्ञाधारक आहे," सर म्हणाले होते. "सांगाल ते करतो, पण 'नक्की का' म्हणून विचारत नाही. म्हणून सांगायच्या आधी आपणच बघायचं."

फाइल पुसायची तर आधी फाइंड लिहून नुसती शोधायची, हे त्यांनी मला शिकवलं. कोणत्या फोल्डरात, कोणत्या नावाची, ते सांगितलं की समोर यादी येते. ती यादी वाचून झाल्याशिवाय पुसण्याचा शब्द जोडायचा नाही, आणि जोडायचा तर अगदी शेवटी. तो नावाच्या आधी पडला तर नाव वाचायच्या आतच सगळं साफ. नावात रिकामी जागा सोडायची नाही, कारण मशीन एका माणसाचे तीन तुकडे समजतं. म्हणून आमच्या फायलींत नाव, बापाचं नाव आणि आडनाव यांच्यामध्ये खाली आडवी रेघ असायची. चांदणीच्या खुणेला तर मी घाबरूनच असते. चांदणी म्हणजे 'काहीही', आणि तिच्या आधी चुकून एक मोकळी जागा पडली की अख्खं फोल्डर गेलं. आरएम हा पुसायचा हुकूम, त्याला 'आय' जोडला तर तो दर फाइलला थांबून विचारतो आणि 'वाय', म्हणजे हो, म्हटल्यावरच पुसतो. आणि या खिडकीला कचऱ्याचा डबा नाही, गेलं ते गेलं. शेवटचं त्यांनी सांगितलं होतं ते असं, की लगेच पुसूच नये. बाहेरच्या डिस्कवर महिनाभर बाजूला ठेवावं, कोणी विचारायला आलं नाही तर मग पुसावं.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. शेवटचं वाक्यही लिहून घेतलं, पण मला ते आवडलं नाही. बाहेरची डिस्क म्हणजे शाळेच्या नोंदी शाळेबाहेर जायला वाट.

याचं कारण असं, की सरांच्या शर्टाच्या खिशात एक पेनड्राइव्ह असायचा. संध्याकाळी काम संपलं की ते तो मशीनला लावायचे, पाच-दहा मिनिटांनी काढायचे आणि खिशात टाकून वरव्याला निघायचे. मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय नेता हो रोज?"

"आपलंच काम, मॅडम. एक प्रत जवळ असलेली बरी. हे मशीन म्हातारं झालंय."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, प्रत कोणासाठी? नोंदी विकत घेणारी माणसं असतात, हे मला ठाऊक होतं. खोटे दाखले तयार करणाऱ्यांना जुन्या सह्या हव्या असतात. चार दिवस मी झोपेतही त्या पेनड्राइव्हचाच विचार करत होते. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन मी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सरांना बोलावलं, नियम सांगितला आणि पेनड्राइव्ह तिथल्या तिथे रिकामा करायला लावला. साक्षीला मी होते. सरांचे कान लाल झाले होते, आणि मला वाटलं, पकडले गेले म्हणून.

मार्चअखेर त्यांचं कंत्राट संपलं, ते पुढे वाढवलं गेलं नाही. जाताना ते माझ्या टेबलाशी आले. "एक आणि दोन असे दोन फोल्डर आहेत. एकमध्ये वाळवीवालं जुनं रजिस्टर, दोनमध्ये त्यानंतरची. पुसट पानं मी दुसऱ्यांदा स्कॅन करून दोनमध्येच टाकलीत, त्यामुळे काही नावं दोन्हीकडे दिसतील. सवडीने उघडून बघून घ्या." मी "बरं" म्हटलं. मनात आलं, मुख्याध्यापकांना काम जास्त दाखवायला एकच फाइल दोनदा करून ठेवली, आणि आता जाताना तेही मलाच निस्तरायला सांगतोय.

जूनमध्ये प्रवेशाची गर्दी झाली आणि मशीनने जागा नाही म्हणून सांगितलं. मुलांचे फोटो चढेनात, अर्ज साठवेनात. दारात पालकांची रांग. मग एका दुपारी मी ऑफिसचं दार आतून लावलं, शिपायाला टपाल घेऊन पाठवून दिलं आणि काळी खिडकी उघडली.

त्या दुपारी मी जितकी काळजी घेतली तितकी आयुष्यात कुठल्या कामात घेतली नसेल. दोन्ही फोल्डरांत असलेल्या नावांची यादी काढली. नुसती दाखव म्हटलं, पुसू नकोस. यादी छापून घेतली. चांदणी कुठेही वापरली नाही. मी कोणत्या फोल्डरात उभी आहे, ते तीनदा विचारून घेतलं. मग फोल्डर एकमधल्या त्या नावांवर आरएम चालवला, विचारून विचारून पुसणारा. पुसू का? वाय. तांबड्या पेनाने यादीवर बरोबरची खूण. पुसू का? वाय. खूण. दीड-दोन तास हेच चाललं होतं. मशीनला मी चुकायची एकही संधी दिली नाही. बाहेरची डिस्क वापरली नाही आणि एकही फाइल उघडून बघितली नाही. बघायचं काय होतं? नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच. त्या माणसाने दोनदा केलेलं काम मी एकदाचं केलं, एवढंच.

जागा झाली. रांग पुढे सरकली. मी स्वतःवर खूश होते.

तीनेक आठवड्यांनी धनगरवाड्यावरून एक गृहस्थ आले, बरोबर त्यांची मुलगी. पंचेचाळिशीचे असावेत, डोक्याला मुंडासं, पायात टायरच्या वहाणा. मुलगी बारावी झालेली, हातात प्लास्टिकची फाइल छातीशी धरलेली. तिला नर्सिंगला जायचं होतं. मार्क चांगले होते, कॉलेजही मिळण्यासारखं होतं, पण जातपडताळणीचा दाखला लागत होता, आणि त्यासाठी घरातल्या जुन्या माणसाच्या शाळेची नोंद. तिचा पणजोबा वाड्यावरच्या शाळेत तीन-चार वर्षं बसला होता. त्या घराण्यात कागदावर चढलेला तो पहिला माणूस. दुसरा जुना पुरावा नव्हता, आणि सुनावणीला पंधरा दिवस होते.

नाव विचारून मी फाइंड लिहिलं. एकच फाइल आली. उघडली. जन्मसाल बघितलं तर माझ्या धाकट्या भावाचं.

माझ्या डोक्यात घंटा वाजली. हे तर समोर बसलेल्या माणसाचंच वय. म्हणजे स्वतःची नोंद आज्याची म्हणून खपवायला आलाय. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हटलं, "काय हो, ही तर तुमचीच नोंद आहे. मला फसवता काय?"

ते गडबडले नाहीत. म्हणाले, "व्हय बाई, त्ये माझंच. आज्याचं येगळं आसंल. आज्याचं नाव मला ठिवल्यालं हाय, आन् आज्याच्या बापाचं माझ्या बाला. आमच्यात समद्यांचं तसंच आस्तंय. गेल्याल्या मानसाचं नाव नातवानं लावायचं."

मी मनात जुळवून बघितलं. त्यांचं नाव आज्याचं, त्यांच्या बापाचं नाव आज्याच्या बापाचं, आडनाव एकच. म्हणजे दोन पिढ्या गेल्या की पूर्ण नाव, अक्षर न् अक्षर, फिरून तेच. एक फाइल आज्याची, एक नातवाची. एक फोल्डर एकमध्ये, एक फोल्डर दोनमध्ये.

ड्रॉवरमधून ती छापलेली यादी काढली. नाव होतं. पुढे तांबडी खूण होती, माझ्याच हातची, ठसठशीत. कपाटातलं जुनं रजिस्टर फडक्यात बांधून ठेवलं होतं, ते सोडलं. त्या पानांच्या जागी आता मातीच होती.

"घावंल ना?" मुलीने विचारलं.

"सोमवारी या," मी म्हटलं. खरं सांगायचा धीर झाला नाही.

ते गेल्यावर मी सरांना फोन लावला. ते आता वरव्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. मागे मशीनचा आवाज येत होता. मी काय केलं ते सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आधी मशीन बंद करा. नीट बंद करत बसू नका, वायरच काढा. पुसलेलं लगेच जात नाही, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की जातं. आता त्यावर एक अक्षर लिहायचं नाही."

मी वायर काढली. मग म्हणाले, "पेनड्राइव्हवर सगळं होतं हो. पण मुख्याध्यापकांनी पुसायला लावलं, तुमच्यासमोरच. कोणीतरी त्यांचे कान भरले होते. त्याच्यावर मी नंतर बहिणीच्या लग्नाचं शूटिंग टाकलं."

मी "हो का" म्हटलं. कान कोणी भरले ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. मला त्या वेळी त्यांची गरज होती, हे एक. आणि लाज वाटत होती, हे दुसरं.

रविवारी सकाळी ते मोटरसायकलवर आले. बरोबर स्वतःची बाहेरची डिस्क. तीच ती बाहेरची डिस्क, जिला मी शाळेत पाऊल ठेवू देणार नव्हते. त्यांनी मशीन दुसऱ्याच पेनड्राइव्हवरून चालू केलं आणि पुसलेली चित्रं उकरून आपल्या डिस्कवर घ्यायला लावली. संध्याकाळपर्यंत ते चाललं होतं. मी डबा आणला होता तो त्यांना दिला. त्यांनी माझ्याकडे एकदाही रागाने बघितलं नाही, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं.

"सापडतील तेवढी आलीत," डिस्क माझ्याकडे ठेवून निघताना ते म्हणाले. "पण नावं गेली. नुसते आकडे आहेत. आता एकेक उघडून बघायला लागेल."

हजारो चित्रं होती. शाळेच्या गॅदरिंगचे फोटो, सहलीचे फोटो, कधीतरी पुसलेली परिपत्रकं आणि त्यांच्यामध्ये कुठे कुठे जुन्या नोंदी. काही अर्ध्या, काही नुसता करडा चौकोन. फाइंडचा इथे उपयोग नव्हता, कारण नावच नव्हतं. जे काम मी त्या दुपारी टाळलं होतं तेच समोर येऊन बसलं होतं.

ते गृहस्थ सोमवारी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. माझ्या हातून पुसलं गेलंय, शोधते आहे. वाटलं, आता आरडाओरडा होईल. मी तयारीत होते. पण ते म्हणाले, "बरं. मग आमी बसतो हितं."

आणि बसले. रोज सकाळी डोंगर उतरून यायचे, माझ्या खुर्चीमागे स्टूल घेऊन बसायचे. शेळ्या-मेंढरं भावावर सोपवून आले होते. मुलगी माझ्याशेजारी बसून डोळे फाडून पडद्याकडे बघायची, जुनं अक्षर दिसलं की "थांबा" म्हणायची. प्रवेशाचे पालक आले की मी दुसऱ्या टेबलावर जाऊन त्यांचं काम करायची आणि परत यायची. मी कुठेही गेले तरी ते तिथेच असायचे, मांडीवर हात ठेवून, पडद्याकडे नजर. घरी मी नवऱ्याला म्हटलं, "एवढं नुकसान केलं मी त्यांचं, आणि एक शब्द बोलत नाहीत. केवढा विश्वास टाकतात माणसं."

पाचव्या दिवशी दुपारी मुलगी "थांबा" म्हणाली. नाव दिसत होतं. बापाचं नाव, आडनाव. जन्मगावापुढे वाड्याचं नाव. जातीच्या रकान्यात वळणदार अक्षरात स्पष्ट लिहिलेलं. आणि जन्मसाल माझ्या आजीच्या लग्नाआधीचं. वरचा तुकडा पूर्ण शाबूत होता. खालच्या तुकड्याच्या जागी करडा पट्टा. शाळा सोडल्याचं कारण, शेरा, सही, सगळं त्या पट्ट्यात गेलेलं.

गृहस्थ उठून पडद्याच्या अगदी जवळ आले. त्यांना वाचता येत होतं ते हळूहळू. स्वतःचंच नाव त्यांनी बोटाने चाचपून वाचलं आणि म्हणाले, "ह्यो आजा."

आता उतारा द्यायचा होता, आणि तो खरा असल्याचं लिहून द्यायचं होतं. सही नसलेल्या, नाव हरवलेल्या, मूळ कागद नसलेल्या चित्रावर. असा कागद दुसऱ्या कोणी माझ्यापुढे आणला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. मुख्याध्यापक म्हणाले, "तांत्रिक बिघाड लिहा आणि मोकळ्या व्हा. सगळे तेच लिहितात." मी तसा कागद लिहिला, वाचला, आणि माझा मलाच त्याचा संशय आला. पडताळणीच्या ऑफिसात माझ्यासारखंच कोणीतरी बसलेलं असणार. 'तांत्रिक बिघाड' वाचून त्याचे कान टवकारलेच पाहिजेत. मी तो फाडला आणि सरळ लिहिलं, की दोन्ही फोल्डरांत एकच नाव असल्याने एक फाइल दुबार समजून ती मी स्वतः, उघडून न बघता, पुसली. खाली सही केली. मुख्याध्यापकांनी मान हलवली, उताऱ्यावर सही दिली आणि माझ्या हातात मेमोही दिला. तो माझ्या नोकरीतला पहिला.

सुनावणीला मीही पुण्याला गेले. अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून आधी उताऱ्याकडे बघितलं, मग गृहस्थांकडे, मग माझ्याकडे. ती नजर मी ओळखली. आरशात रोज बघते.

"सही कुठंय?"

"गेली."

"मूळ रजिस्टर?"

"वाळवीने खाल्लं."

"आणि ही फाइल पुसलेली होती, ती तुम्ही परत काढली." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग ही नोंद खरी कशावरून समजायची? कोणीही असं चित्र तयार करेल."

मी पिशवीतून ती छापलेली यादी काढली, तांबड्या खुणांसकट. कोणाच्या हाती लागू नये म्हणून मी जपलेला माझ्याच विरुद्धचा पुरावा. "या नावापुढची खूण माझी आहे," मी म्हटलं. "हे होतं, हे मला माहीत आहे, कारण ते मीच पुसलं. खोटं तयार करणारा माणूस आधी स्वतःच्या गळ्यात मेमो अडकवून घेत नाही."

त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. माझा खुलासा दोनदा वाचला. मुलीला वाड्यावरच्या माणसांची नावं विचारली, कोण कोणाचा, कोणाचं नाव कोणाला. तिने न अडखळता सांगितलं. मग बाईंनी फाइलवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "इतर कागदांबरोबर हे धरते. दाखला मिळेल, मुदतीच्या आत मिळेल. आणि तुम्ही, पुढच्या वेळी उघडून बघत जा."

स्वारगेटला भोरच्या गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो. मुलगी पाण्याची बाटली आणायला गेली होती, हसत, जवळजवळ पळत. गृहस्थ मुंडासं सारखं करत म्हणाले, "बाई, येक बोलू का? राग नका धरू."

"बोला की."

"आमच्याकडं समदी म्हनत हुती, बाईनं मुद्दाम पुसलंय. कुनाच्या तरी सांगन्यावरनं. मलाबी तसंच वाटलं हुतं."

"तुम्हालाही?" मी म्हटलं. "मग पाच दिवस येऊन बसत होता ते?"

"म्हनूनच बसत हुतो. घावल्यालं पुन्यांदा पुसू नये म्हनून. नजर ठिवाया." मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "त्ये चुकलं माझं. त्या बाईम्होरं तुमी सोताचं नाव घितलं, तवा कळलं. म्हनून सांगून टाकलं."

मला आधी झोंबलं. पाच दिवस मी त्या पाठीमागच्या नजरेला विश्वास समजत होते, घरी जाऊन नवऱ्याला कौतुकाने सांगत होते. गाडी आली, आम्ही चढलो, आणि मी मुद्दाम त्यांच्यापासून लांबच्या बाकावर जाऊन बसले. पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मीही स्टूल टाकून बसलेच असते. पाच दिवस काय, पन्नास दिवस बसले असते. फक्त नंतर असं तोंडावर सांगितलं नसतं.

भोरला उतरल्यावर घरी न जाता मी स्टँडवरच्याच बाकावर बसले आणि सरांना फोन लावला. "काम झालं," मी सांगितलं. त्यांना मनापासून आनंद झाला. मग मी फोन ठेवेना, तसे ते हसून म्हणाले, "काय मॅडम, अजून काही पुसलं का?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या पेनड्राइव्हबद्दल मुख्याध्यापकांचे कान भरणारी मी होते."